मागच्या रांगेतलं दूध



दूध घ्यायला दुकानात गेल्यावर तुमचा हात कुठे जातो? समोरच्या गॅलनकडे, की थंड कपाटात खांद्यापर्यंत आत, मागच्या रांगेकडे? मी ज्यांना ज्यांना हे विचारलं, त्यांपैकी बहुतेकांनी हसून ‘अर्थात मागे’ असंच सांगितलं. यात लाजण्यासारखं काय आहे? आपल्या आया मंडईत तेच करत होत्या. भेंडीचं टोक मोडून पाहायचं, ढिगाच्या तळाशी हात घालायचा, भाजीवाली ओरडली तर दोन शब्द ऐकवायचे आणि ऐकून घ्यायचे. पै-पै जोडून घर चालवणाऱ्या बाईला निवड करण्याचा तो एकच हक्क होता, आणि तो तिने सोडला नाही हे बरंच झालं.

तरीही मला हा प्रश्न इथे मांडावासा वाटतो. विहारात पंचशील घेताना आपण म्हणतो की जे दिलेलं नाही ते घेणार नाही. मागच्या रांगेतलं दूध दुकानाने विकायलाच ठेवलेलं असतं आणि आपण पूर्ण पैसे मोजून ते घेतो. म्हणजे दुसऱ्या शीलाचा भंग झाला असं म्हणता येणार नाही. शीलाला ओढूनताणून प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर लावणं मला पटत नाही. त्याने माणूस शीलवान होण्याऐवजी भित्रा होतो. पण ‘भंग झाला नाही’ आणि ‘काहीच झालं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी मला बोलायचं आहे.

आधी कपाटाची गोष्ट. पुष्कळ दुकानांत दुधाचं कपाट मागच्या थंड खोलीतून भरतात. आतला कर्मचारी नवा माल मागून सरकवतो आणि जुना आपोआप पुढे येतो. जे आधी संपणार ते आधी बाहेर, हा नाशवंत मालाचा पहिला नियम आहे. ब्रेड, दही, कापलेली फळं यांच्या फळ्यांवर हेच काम हाताने करावं लागतं. पहाटे किंवा रात्रपाळीला कुणीतरी गुडघ्यावर बसून जुने डबे पुढे ओढतं आणि नवे मागे लावतं. आपण मागे हात घालतो तेव्हा त्या माणसाचं एक तासाचं काम दहा सेकंदांत उलटं होतं. पुढचा डबा तसाच राहतो. दुसरा गिऱ्हाईकही तेच करतो, तिसराही. दोन दिवसांनी तो डबा चांगला असूनही मोरीत ओतला जातो.

इथे एक तांत्रिक गंमत आहे. दुकानाच्या संगणकाला हे काही दिसत नाही. दुधाच्या डब्यावर जो उभ्या रेघांचा बारकोड असतो, त्यात वस्तू कोणती आहे एवढंच लिहिलेलं असतं, तारीख नसते. गल्ल्यावर ‘टिक’ असा आवाज होतो तेव्हा यंत्राला कळतं की चोवीसपैकी एक डबा गेला. नवा गेला की जुना, हे त्याला ठाऊक नाही. दुकानांच्या मालाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे, आणि बाहेरच्या माणसाला ही गोष्ट सांगितली की ती खरी वाटत नाही. यंत्र संख्या मोजतं, वय मोजत नाही. तारीख सामावू शकेल असे चौकोनी कोड आता येत आहेत, आणि २०२७ च्या अखेरीपर्यंत जगभरच्या दुकानांच्या गल्ल्यांवर ते वाचता यावेत असा त्या क्षेत्राचा प्रयत्न आहे. तोपर्यंत डब्याचं वय फक्त दोघांना दिसतं: फळी लावणाऱ्याला आणि तुम्हाला.

‘सब्बे संखारा अनिच्चा’ आपण वंदनेत म्हणतो, पण अनित्यतेचं घड्याळ प्रत्येक वस्तूत वेगळ्या गतीने चालतं हे बघायचं असेल तर भाजीच्या विभागासारखी जागा नाही. केळं साधारण १४ अंश सेल्सियसला हिरवंच प्रवास करतं. त्याहून गार झालं तर साल काळवंडते. इथे पोचल्यावर ते बंद खोलीत इथिलिन वायूवर पिकवतात. लेट्यूसला शून्याच्या आसपास ठेवावं लागतं. टोमॅटो फार गार केला तर टिकतो, पण चव जाते. आणि सफरचंद स्वतःच इथिलिन सोडतं, त्यामुळे त्याच्या शेजारी ठेवलेली पालेभाजी लवकर पिवळी पडते. एकाचं पिकणं दुसऱ्याच्या सडण्याचं कारण होतं. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगायला मी तरी यापुढे मेणबत्तीचा दाखला देणार नाही.

आता तारखेबद्दल. अमेरिकेत लहान बाळाच्या फॉर्म्युला दुधाची पावडर सोडली, तर डब्यावर तारीख छापायची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. बाकी बहुतेक तारखा कंपनीने आपल्या अंदाजाने टाकलेल्या असतात. इथवर चव आणि ताजेपणा उत्तम राहील, एवढाच त्यांचा अर्थ. ‘सेल बाय’ ही तर दुकानासाठीची सूचना आहे, खाणाऱ्यासाठी नाही. लोक ती वाचून घाबरतात आणि चांगलं अन्न टाकतात. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून ग्राहकाला दिसणारी ‘सेल बाय’ तारीख १ जुलै २०२६ पासून बंद करायचं ठरवलं. याचा अर्थ तारखेकडे काणाडोळा करावा असा मात्र नाही. कापलेलं मांस, मऊ चीज यांसारख्या वस्तूंत लिस्टेरियासारखे जंतू थंडीतही वाढतात, आणि घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर तिथे तारीख काटेकोर पाळायची. प्रज्ञेशिवाय शील म्हणजे आंधळेपणा, हे इथेही लागू आहे.

मग मागे हात घालावा की नाही? माझं उत्तर असं आहे. ज्या घरात एक माणूस राहतो आणि गॅलन संपायला दहा दिवस लागतात, त्याने मागचं दूध घेतलं तर तो शहाणपणा आहे. पुढचं घेतलं असतं तर ते त्याच्या घरात नासलं असतं. ज्या घरात तीन पोरं आहेत आणि गॅलन परवा सकाळी रिकामा होणार आहे, त्यांनी मागचं घेण्यात कोणाचंच हित नाही, त्यांचंसुद्धा. कृती एकच, हात तोच, कपाट तेच. फरक आहे तो चेतनेत. तथागतांनी कर्माची व्याख्या चेतनेवर बेतली ती उगाच नाही. ‘मला याची गरज आहे का’ असा प्रश्न मनात येऊन हात मागे गेला तर एक गोष्ट, आणि ‘मिळतंय तर जास्तीत जास्त ताजं माझं’ म्हणून गेला तर दुसरी. दुसरीला आपण तृष्णा म्हणतो. ती दहा सेंटची असली तरी तृष्णाच.

पण इथे थांबलो तर मी दुकानदाराचा वकील झालो असं होईल, आणि ते मला मान्य नाही. कारण मोरीत जाणाऱ्या दुधाचं मोठं कारण गिऱ्हाईकाचा हात हे नाहीच. ते एका गणितात दडलेलं आहे, आणि ते गणित आपल्यापैकी पुष्कळांनी इंजिनियरिंगला शिकलेलं आहे. वर्तमानपत्र विकणाऱ्या पोऱ्याने सकाळी किती अंक घ्यावेत, हा तो जुना प्रश्न.

समजा ब्रेडची एक लादी दुकानाला १ डॉलरला पडते आणि ३ डॉलरला विकली जाते. एक लादी कमी पडली तर २ डॉलरचा नफा हुकतो. एक जास्त झाली तर १ डॉलर बुडतो. गणित सांगतं की २ ला २ अधिक १, म्हणजे ३ ने भागा. उत्तर दोन तृतीयांश. याचा अर्थ काय? तीन दिवसांपैकी दोन दिवस मागणी पुरून उरेल इतका माल मागवायचा. तीनपैकी दोन संध्याकाळी काहीतरी शिल्लक राहणार, आणि ही कोणाची चूक नाही, हेच ‘योग्य’ उत्तर आहे. आता त्यात आणखी एक भीती घाला. फळी रिकामी दिसली तर गिऱ्हाईक चिडून पलीकडच्या दुकानात जाईल आणि परत येणार नाही. त्या भीतीची किंमत धरून एक लादी कमी पडण्याचं नुकसान ९ डॉलर मानलं, की उत्तर दहापैकी नऊ दिवस उरलंच पाहिजे असं येतं. कचऱ्याचा डबा हा या यंत्रणेतला बिघाड नाही, तो तिच्या आराखड्यात आहे.

ती भीती कोणी घातली? आपणच. संध्याकाळी आठ वाजता कोथिंबीर दिसली नाही तर ‘काय हे दुकान’ असं म्हणणारे आपणच असतो. भरलेली फळी आपल्याला समृद्धी वाटते. टंचाई पाहिलेल्या घरांतून आलेल्या आपल्या लोकांना तर ती जास्तच सुखावते, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला बारा प्रकारचं दही बघून भरून येणारच.

मला त्या सूत्रातली दुसरी संख्या जास्त खटकते. ‘एक जास्त झाली तर १ डॉलर बुडतो’. हा १ डॉलर कोणाचा? दुकानाचा. त्यात गव्हाला लागलेलं पाणी नाही, ते कचऱ्याच्या ढिगाखाली कुजताना निघणारा मिथेन नाही, आणि शेतात वाकून काम करणाऱ्याची पाठ तर नाहीच नाही. सूत्र खोटं नाही. ते फक्त हिशेब लिहिणाऱ्याच्या खिशापुरतं पाहतं. प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्या माणसाने अशा सूत्रासमोर एवढं तरी विचारलं पाहिजे की यात कोणाचं नुकसान शून्य धरलं आहे.

नाशवंतपणा नेहमी दुबळ्याच्याच मुळावर येतो हेही खरं नाही, हे जाता जाता सांगतो. आपल्याकडे भाव पडला की शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो, कारण टोमॅटो थांबत नाही आणि व्यापारी थांबू शकतो. पण १९६५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या डेलानो इथे द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिऑंग यांच्या पुढाकाराने काम थांबवलं, मग मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले, तेव्हा चित्र उलटं झालं. पिकलेलं द्राक्ष मालकासाठी थांबत नव्हतं. पुढे शहरांतल्या दुकानांमध्ये गिऱ्हाइकांनी त्या द्राक्षांवर बहिष्कार घातला, आणि १९७० साली मळेवाल्यांना करार करावे लागले. गिऱ्हाईक कपाटापुढे उभं राहून काय उचलतं आणि काय उचलत नाही, याला एवढं वजन येऊ शकतं.

आता विनयाकडे वळतो. आपल्यातल्या अनेकांना वाटतं की विनयाचे नियम भिक्खूंपुरते, आपल्याला काय त्याचं. मी मात्र ते वाचताना थक्क झालो, कारण त्यात चक्क साठ्याचं वर्गीकरण आहे. भिक्खूने स्वीकारलेल्या वस्तूंचे चार वर्ग केले आहेत: जेवण हे त्याच दिवशी दुपारपर्यंत, फळांचा रस पुढच्या पहाटेपर्यंत, तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी सात दिवस, आणि मुळ्या, साली यांसारखी औषधं आयुष्यभर, कारण असेल तेव्हा. हा नियम केवळ नासण्याचा नाही, कारण मध सात दिवसांत नासत नाही. हा साठवण्याचा नियम आहे.

सात दिवसांची मर्यादा का आली, त्याची कथा तर एखाद्या दुकानाच्या तपासणी अहवालात शोभेल. राजगृहाच्या पिलिंदवच्छ या भिक्खूंवर लोकांची श्रद्धा होती. लोक तूप, तेल, मध आणून देत आणि ते आपल्या सोबतच्या भिक्खूंना वाटून टाकत. पण त्या भिक्खूंनी साठा सुरू केला. घडे भरले, मडकी भरली, गाळण्यांत आणि पिशव्यांत भरून खिडक्यांना टांगलं. ते पाझरू लागलं आणि विहारात उंदीर झाले. लोक म्हणू लागले की हे श्रमण तर बिंबिसार राजासारखे कोठारवाले झाले. तेव्हा तथागतांनी सात दिवसांची मर्यादा घातली. बघा, देणारे श्रद्धेने देत होते, पिलिंदवच्छही वाटून टाकत होते. दोष निर्माण झाला तो मधे, साठ्यात. आपल्या गॅरेजमधला दुसरा फ्रीज कोणत्या वर्गात येतो, हे ज्याने त्याने पाहावं.

एवढ्यासाठीच आकडाही सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ग्राहकाच्या पातळीवर १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात दुकानांचा वाटा सुमारे १२ टक्के आणि घरांचा सुमारे ६० टक्के. दुकान फळी भरून ठेवतं, मग आपण ती उचलून आपल्या घरी लावतो, आणि सडण्याचं काम आपल्या खर्चाने आपल्या घरी पार पडतं.

इथवरचं बहुतेकांना पटेल. पुढचं सगळ्यांना पटेलच असं नाही.

उरलेल्या मालाचं काय करायचं, याचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे फूड बँक. अमेरिकेत १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याने, सद्भावनेने अन्नदान करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिलं, त्यामुळे ‘कुणी आजारी पडलं तर खटला होईल’ ही सबब राहिली नाही. फ्रान्सने २०१६ पासून मोठ्या दुकानांना खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी केली. ही चांगली पावलं आहेत, आणि मी त्यांच्या विरुद्ध नाही. आपल्यापैकी काही संघटना १४ एप्रिलच्या निमित्ताने धान्य गोळा करून देतात, तेही चांगलं. पण दोन शंका आहेत.

पहिली गणिताची. वरच्या उदाहरणात शिल्लक लादी दान केल्यावर करसवलतीतून अर्धा डॉलर परत मिळाला असं धरा. मग जास्त मागवण्याचं नुकसान १ डॉलरवरून अर्ध्यावर येतं, आणि सूत्र म्हणतं, आता तीनपैकी दोन नव्हे, दहापैकी आठ दिवस उरू दे. दानाची सोय झाली की जास्त मागवणं स्वस्त होतं. कोणी वाईट हेतूने हे करत नाही. आकडे आपणहून तिकडे सरकतात. दानाने शिल्लक कमी होईल असं आपण धरून चालतो, पण शिल्लक दानाच्या आधाराने वाढूही शकते.

दुसरी शंका आपली आहे, म्हणजे आपल्या इतिहासाची. अंगुत्तर निकायात तथागतांनी असत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणं सांगितली आहेत, आणि त्यातलं एक आहे ‘अपविद्ध’ देणं: जे टाकूनच द्यायचं होतं ते देणं. त्याच निकायात योग्य वेळच्या दानांची यादी आहे. आलेल्या पाहुण्याला, निघालेल्या प्रवाशाला, आजाऱ्याला, दुष्काळात. आणि शेवटचं, शेतातलं नवं धान्य आणि बागेतलं पहिलं फळ शीलवंतांपुढे ठेवणं. पहिलं. शेवटचं नव्हे.

हे वाचताना आपल्यापैकी कोणाला गावची येसकराची पाळी आठवणार नाही? दिवसभर गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी काठी घेऊन दारोदार भाकरी मागायची. जी मिळे ती शिळी, सकाळची, कधी आंबलेली, आणि तीही वरून टाकलेली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टे तुकडे सोडा असं निक्षून सांगितलं, तेव्हा ते आहाराविषयी बोलत नव्हते. भाकरी शिळी होती ही तक्रार नव्हती. आपल्या घरीही शिळी भाकरी चुरून, कांदा-मिरची घालून आपण आवडीने खाल्लीच आहे. तक्रार ही होती की ती भाकरी मजुरी असून भीक म्हणून दिली जात होती, आणि कोणाला द्यायची ते जन्माने ठरलेलं होतं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाबाबत विधेयक आणलं, त्याचा गाभाही हाच होता. काम घेता तर मोबदला रोख आणि रीतसर द्या.

म्हणून माझा प्रश्न असा की संध्याकाळची शिल्लक फूड बँकेच्या दाराशी नेऊन ठेवताना आपण कोण असतो? दाता, की गावचा पाटील?

काही जण म्हणतील, भुकेल्या माणसाला या तात्त्विक चर्चेशी काय देणंघेणं, त्याला जेवण हवं. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. आज रात्री एखाद्या लेकराच्या ताटात ब्रेड पडत असेल तर तो करसवलतीचा आहे की श्रद्धेचा, याने त्याच्या पोटाला फरक पडत नाही. उद्याची तारीख असलेलं दही आज खाणं यात अपमान नाही. आपण तेच दही आपल्या घरी खातो. मी फरक करतो तो इथे. जे मी आज माझ्या ताटात, माझ्या पाहुण्याच्या ताटात वाढेन, ते दान. जे मी वाढणार नाही, पण ‘त्यांना चालेल’ असं म्हणतो, ते अपविद्ध. ‘त्यांना चालेल’ या दोन शब्दांत अख्खी जातव्यवस्था बसते. आपल्या पूर्वजांनी ते दोन शब्द हजार वर्षं ऐकले आहेत. निदान आपल्या तोंडी ते नसावेत.

आणि घेणाऱ्याच्या बाजूनेही एक सांगायचं आहे, विशेषतः नुकत्याच शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींना. इथल्या पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी फूड पॅन्ट्री असते. तिथे जायला आपली पोरं कचरतात. बाबासाहेबांनी मागून खाणं सोडायला सांगितलं, मग आम्ही कसं घ्यायचं, असं म्हणतात. भावना मी समजतो. पण तिथे जन्म विचारत नाहीत, बदल्यात गावकी करावी लागत नाही, आणि आता अनेक ठिकाणी दुकानासारखी फळीवरून आपली वस्तू आपण निवडून घेता येते. नियमात बसत असाल तर ताठ मानेने जा. आणि हो, तिथेही खुशाल मागे हात घालून तारीख बघा. निवडीचा हक्क फक्त पैसे मोजणाऱ्याचा नसतो.

आनंदाची आणि उदयन राजाची कथा तुम्हाला माहीत असेल. राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दिली तेव्हा राजा आधी चिडला. हा श्रमण आता कापडाचं दुकान काढणार की काय, असं त्याला वाटलं. मग त्याने जाऊन विचारलं, एवढ्या चीवरांचं करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना देऊ. आणि जुन्यांचं? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, त्यांची बैठक, तिची पायपुसणी, मग झटकणी, आणि शेवटी तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवायला. आपण ही कथा काटकसरीची म्हणून सांगतो. माझं लक्ष पहिल्या पायरीकडे जातं. सर्वांत गरजू भिक्खूला सर्वांत नवं चीवर मिळालं. पायपुसणं त्याच्या वाट्याला आलं नाही.

हेच आपल्या कार्यक्रमांच्या जेवणाला लावून बघू. धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की बुद्ध पौर्णिमा, आपण वर्तमानपत्र विकणाऱ्या पोऱ्याचंच गणित मांडतो, पण डॉलरऐवजी अब्रूवर. जेवण कमी पडलं तर नाक कापलं जाईल. उरलं तर काय, कुणीतरी नेईल. मग शंभर लोकांना दीडशेचं जेवण येतं, आणि रात्री नऊ वाजता, खुर्च्या उचलता उचलता, कुणीतरी म्हणतं, ‘हे शेल्टरला देऊन टाकू का?’ तोवर भात चार तास उघडा पडलेला असतो. अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर ते देऊ नये, हा इथला साधा नियम आहे, आणि बहुतेक फूड बँका घरी शिजवलेलं अन्न घेतच नाहीत. म्हणजे ते दान नसतंच, ती आपल्या मनाची समजूत असते.

माझी कार्यकारिणीला दोन गोष्टींची विनंती आहे. नोंदणी आठवडाभर आधी बंद करावी आणि जेवण नोंदणीइतकंच मागवावं. शेवटच्या अर्ध्या तासात पनीर संपलं तर संपलं. वरण-भात आहे, बसा. आणि द्यायचंच असेल तर उलट्या क्रमाने द्यावं. एखाद्या निवाऱ्याशी आधी बोलून, त्यांना काय हवं ते विचारून, केटररकडून पहिली वीस-पंचवीस जेवणं बंद डब्यांत गरमागरम त्यांच्याकडे रवाना करावीत, वंदना सुरू व्हायच्या आधी. आपली पंगत त्यानंतर बसेल. येत्या कार्यक्रमाला गाडी घेऊन ते डबे पोचवायला दोन माणसं लागतील. एक मी आहे.